सोलापूरच्या वसतिगृहाची शंभर वर्षे आणि आमची मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात. बुद्ध विहारात गुणगौरव समारंभ होतो. गुणवंतांना पुस्तक आणि गुलाबपुष्प दिले जाते, दोन-चार भाषणे होतात, फोटो वर्तमानपत्रात छापून येतो. हे झालेच पाहिजे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले त्याने आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेचा सण करू नये तर कोणी करावा? पण त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, त्याच गुणवंतांपैकी किती जण सोलापुरात, पुण्यात, लातुरात टिकून आहेत आणि किती जण पिशवी घेऊन गावी परतले, याची विचारपूस करणारा समारंभ आम्ही आजवर घेतलेला नाही.

परत आलेल्या मुलाबद्दल ठरलेली वाक्ये असतात. शिक्षक म्हणतात, पाया कच्चा होता. अधिकारी म्हणतात, शासन एवढ्या सवलती देते, यांनाच शिकायचे नाही. गावातला सवर्ण शेजारी म्हणतो, यांना शहराचे पाणी मानवत नाही. दुःखाची गोष्ट अशी की आमच्यातलाच नोकरदार माणूसही शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून हेच म्हणतो : आम्ही कंदिलाखाली शिकलो, आजच्या पोरांना मोबाइल सोडवत नाही. या सगळ्यांचा रोख मुलाच्या डोक्याकडे आहे. तो मुलगा घर सोडल्यावर कोठे झोपत होता, काय जेवत होता, कोणाशी बोलत होता आणि त्याचे पैसे कोणत्या महिन्यात येत होते, हे कोणी विचारत नाही. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाचे यश ठरते ते नेमके येथे. त्यातही एक प्रश्न सर्वांत वरचा आहे. ज्या छपराखाली तो राहतो, ते छप्पर कोणाचे आणि ते कशासाठी उभे केलेले?

हा प्रश्न समजून घ्यायला सोलापूरसारखे दुसरे शहर नाही. कारण या एकाच शहरात, एकाच काळात, घरापासून तोडलेल्या मुलांसाठी दोन अगदी उलट प्रकारची छपरे उभी होती.

पहिले छप्पर इंग्रज सरकारचे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. १९११ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले आणि या जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. सोलापूरची सेटलमेंट म्हणजे काटेरी तारेचे कुंपण, हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकायची बंदी आणि कामाला गिरणी. तेथेही शाळा होतीच. पण त्या शाळेचा हेतू काय होता? मुलाने आपल्या आईबापासारखे होऊ नये, हा. आपले घर म्हणजे लाज, आपली बोली म्हणजे चोरांची बोली, हे शिकवून मग अक्षर शिकवायचे. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, तार तुटली. पण ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव सोलापूरकरांच्या पत्त्यांवर आजही आहे. ‘फ्री’ हा शब्द पत्त्यात लिहावा लागणारी वसाहत देशात आणखी किती ठिकाणी असेल?

दुसरे छप्पर बाबासाहेबांचे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी सोलापुरात वसतिगृह उघडले. सभेचे पहिले मोठे रचनात्मक काम हेच. मंदिर नव्हे, पुतळा नव्हे, वसतिगृह! जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपये अनुदान दिले. स्थानिक कारभार जिवाप्पा ऐदाळे यांनी पाहिला, जे पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार झाले. आणि ज्या गोष्टीकडे आमचे वक्ते सहसा दुर्लक्ष करतात ती अशी की, या वसतिगृहातल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. नाव वाचून आजचा वाचक भुवया उंचावेल. उंचावू द्या. शाळेत ज्यांना पाण्याच्या घागरीला हात लावू दिला जात नव्हता ती पंधरा-सोळा वर्षांची मुले मासिक काढत होती, हे महत्त्वाचे आहे. सभेने मुंबईत मोफत वाचनालय आणि हॉकी क्लबही काढला तो याच दृष्टीने. मुलाला खोली आणि भाकरी दिली की काम संपले, असे बाबासाहेबांनी मानले नाही. त्याला सोबत हवी, वाचायला जागा हवी, स्वतःचे म्हणून काही चालवायला हवे.

योगायोग पाहा. मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे प्रमुख अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. याच स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली आणि तिचे एक सभासद होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समितीचा अहवाल १९३० साली आला. तार घालणाऱ्या खात्याचा माणूस आणि वसतिगृह उघडणारा माणूस एका टेबलाशी बसले होते. १९२८ सालीच बाबासाहेबांनी शिक्षणासाठी वेगळी संस्था काढून वसतिगृहांचे काम तिच्याकडे दिले. सरकारी अनुदान तोकडे पडले तेव्हा पारशी आणि मुसलमान धर्मादाय संस्थांपुढे हात पसरायला त्यांनी कमीपणा मानला नाही. वसतिगृहाचे महत्त्व त्यांच्या आधी राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. कोल्हापूरला १९०१ पासून एकेका जातीची बोर्डिंगे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ही परंपरा आमची आहे आणि ती दानधर्माची परंपरा नाही.

आता जरा दूरवर जाऊ. वाचकांपैकी अनेकांनी ओजिब्वा हे नाव ऐकले नसेल. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांच्या भोवती राहणारे हे मूलनिवासी लोक. कॅनडा सरकारने आणि चर्चने मिळून शंभराहून अधिक वर्षे त्यांची आणि इतर मूलनिवासींची मुले घरातून उचलून निवासी शाळांत कोंडली. सुमारे दीड लाख मुले. केस कापायचे, नाव बदलायचे, मातृभाषा बोलली की मारायचे. हजारो मुले तेथेच मेली. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली आणि २०१५ साली त्या देशाच्या सत्यशोधन व सलोखा आयोगाने याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. सोलापूरची सेटलमेंट ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

पण त्याहून अधिक शिकण्यासारखे आहे ते नंतर घडलेले. निवासी शाळा गेल्या, तरी उत्तर ओंटारिओच्या दुर्गम वस्त्यांत हायस्कूल नव्हते. म्हणून ओजिब्वा, क्री वगैरे समाजांची चौदा-पंधरा वर्षांची मुले विमानाने थंडर बे नावाच्या शहरात शिकायला येत राहिली. शाळा या वेळी त्यांच्याच लोकांनी चालवलेली होती. राहायची सोय मात्र शहरातल्या घरांमध्ये, महिन्याला पैसे देऊन. घरमालकाला पैसे पोहोचले की हिशेब पुरा! संध्याकाळनंतर मुलगा कोठे जातो, कोणाच्या संगतीत आहे, शहरातले लोक रस्त्यावर त्याच्याशी कसे वागतात, याची जबाबदारी नेमकी कोणाची? २००० ते २०११ या काळात अशी सात मुले मेली. पाच जणांचे मृतदेह शहरातल्या नद्यांत सापडले. पुढे न्यायचौकशी झाली आणि २०१६ साली ज्यूरीने १४५ शिफारशी केल्या. त्यांचा सारांश एवढाच निघतो की मूल दूर पाठवायचे तर त्याच्यासाठी नुसती फी भरून भागत नाही. ते ज्या शहरात जाते तेथे त्याचे कोणीतरी असावे लागते.

महिन्याला पैसे देऊन हिशेब पुरा करणे. हे वाक्य लक्षात ठेवून महाराष्ट्राकडे परत येऊ.

स्वातंत्र्यानंतर वसतिगृहांचे काम शासनाने घेतले, ते योग्यच झाले. आज समाजकल्याण खात्याची चारशेहून अधिक शासकीय वसतिगृहे राज्यात आहेत आणि त्यांनी हजारो घरे उभी केली हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. खेड्यातून आलेला पहिल्या पिढीचा विद्यार्थी आज डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार झालेला दिसतो तेव्हा त्याच्या मागे अनेकदा अशाच एखाद्या वसतिगृहातली लोखंडी कॉट असते. पण महाविद्यालये वाढली, मुले वाढली, मुली तर कितीतरी वाढल्या, आणि जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. सोलापूरला २००४ साली विद्यापीठ झाले. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, करमाळा, शिवाय तुळजापूर-नळदुर्गाकडची मुले येथे येतात. ज्यांना वसतिगृहात जागा नाही त्यांचे काय?

शासनाने २०१६-१७ पासून याचे उत्तर दिले ते स्वाधार योजनेचे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या खात्यावर भोजन, निवास आणि निर्वाहाची रक्कम टाकायची. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, इतर ठिकाणी ५१ आणि ४३ हजार. योजनेला बाबासाहेबांचे नाव दिले. सुरुवातीला ६० टक्के गुणांची अट होती, ओरड झाल्यावर ती ५० वर आली. म्हणजे ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, तो ४५ टक्केवाला मुलगा आजही दाराबाहेर.

या योजनेने अनेकांचे शिक्षण वाचवले हे खरे आहे, तिच्या विरोधात कोणी बोलू नये. पण रोख रक्कम म्हणजे वसतिगृह नव्हे, हे स्पष्टपणे बोललेच पाहिजे. पैसे हप्त्याने येतात, आणि ते उशिरा येतात ही राज्यभरातल्या विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. खोलीचे भाडे मात्र एक तारखेला द्यावे लागते, खानावळवाला आठवड्याला पैसे मागतो. ज्याच्या बापाच्या खिशात चार महिन्यांचे आगाऊ पैसे आहेत त्याला हप्ता उशिरा आला तरी चालतो. ज्याचा बाप रोजंदारीवर आहे तो मुलगा ते चार महिने कशावर काढणार? तो रात्री हॉटेलात कामाला लागतो, सकाळच्या तासाला झोपतो, हजेरी भरत नाही, आणि हजेरी भरली नाही म्हणून पुढचा हप्ता अडकतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, पोराला अभ्यासात रस नाही.

आणि खोली मिळायची कोठे? शासनाने पैसे दिले, पण खोली देणारा शासन नाही, घरमालक आहे. घरमालक आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही तर ‘म्हणजे तुमचे कोणते?’ असे विचारतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला की पुढच्या महिन्यात खोलीची ‘दुरुस्ती’ निघते. शेवटी मुलगा आपल्याच वस्तीत, एका खोलीत पाच-सहा जणांमध्ये राहतो. तेथे अभ्यासाला कोपरा नसतो, लग्नसराईत रात्रभर लाऊडस्पीकर असतो. जो जातीचा बाजार टाळण्यासाठी १९२५ साली वसतिगृह काढले, त्याच बाजारात आम्ही आमच्या मुलांना हातात पैसे देऊन परत सोडले आहे.

शिष्यवृत्तीचेही तसेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अकरावी-बारावीच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाचा निर्वाह भत्ता चार हजार रुपये. भागाकार करून पाहा : महिन्याला ३३३ रुपये. दिवसाला अकरा. अकरा रुपयांत सोलापुरात आज एक साधी कडक भाकरीची पुडी तरी येते का?

पैशाशिवायही काही गोष्टी आहेत आणि त्या कागदावर येत नाहीत. भाषेचेच घ्या. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या अनेक गावांत घरची भाषा कन्नड. मूल घरी कन्नड, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. वर्गात त्याच्या मराठीला हसतात, वस्तीतल्या बोलीला तर हसतातच. तो बोलणे बंद करतो आणि मास्तरांना वाटते याला काही येत नाही. अशा वेळी वसतिगृहात एक वरच्या वर्गातला मुलगा, त्याच्याच भागातला, रात्री बसवून समजावणारा असला तर ते वर्ष तरते. शिकवणीवर्गाने जे होत नाही ते असल्या एका मोठ्या भावाने होते. एकट्या खोलीत हा भाऊ कोठून आणायचा?

गृहपालाचेही तसेच आहे. एका गृहपालाकडे दोन-दोन वसतिगृहांचा कार्यभार असेल तर तो मुलांना ओळखणार कधी? मुलाची आई आजारी आहे, घरी भांडण झाले आहे, बहिणीचे लग्न ठरले आहे, हे ज्याला कळते तो गृहपाल. बाकीचे हजेरीपट सांभाळणारे. जेवणाचा ठेका, पातळ वरण, बंद पडलेली अभ्यासिका, यावर या पानांत इतक्या वेळा लिहून आले आहे की आता लिहिणाऱ्याची शाई संपेल पण ठेकेदार बदलणार नाही.

मुलींचा प्रश्न आणखी टोकाचा आहे. मुलाला वसतिगृह मिळाले नाही तर तो कोठेतरी पडून राहतो. मुलीला मिळाले नाही तर तिचे शिक्षण थांबते आणि अनेकदा लग्न होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे दोघींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. तालुक्याच्या ठिकाणी मुलींसाठी शंभर खाटांचे एक सुरक्षित वसतिगृह शंभर बालविवाह थांबवील की नाही, याचे गणित समाजकल्याण आणि महिला बालकल्याण या दोन खात्यांनी एकत्र बसून कधी मांडले आहे काय? ऊसतोड कामगारांच्या घरी तर सगळे उलटेच असते. तेथे मूल घर सोडत नाही, घरच मुलाला सोडून कारखान्यावर जाते, सहा-सहा महिने. त्यांच्यासाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना जाहीर झाली. जाहीर होणे आणि कॉटवर गादी पडणे यात आपल्याकडे किती अंतर असते हे वाचकांना सांगायला नको.

काही विद्वान म्हणतील, वेगळ्या वसतिगृहांमुळे मुले वेगळी पडतात, त्यांनी सर्वांमध्ये मिसळावे. ऐकायला छान वाटते. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये सर्वांचे एकच वसतिगृह होते. प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली दाखवून दिले की तेथे अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्रास देऊन ठरावीक मजल्यांवर ढकलले गेले होते. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना शिक्षा झाली ती वसतिगृहातून बाहेर काढण्याची. ते उघड्यावर झोपले आणि १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. मुंबईत डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली ती वसतिगृहाच्या खोलीत. जातीला वर्गात मर्यादा असते, तेथे मास्तर असतो, घंटा असते. रात्री मेसमध्ये आणि खोलीत तिला मोकळे रान मिळते. म्हणून मुलाचे शिक्षण वर्गात जेवढे घडते-बिघडते, तेवढेच तो झोपतो तेथे.

उलट आमच्या हातातल्या वसतिगृहांनी काय दिले ते आठवा. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनातल्या मिलिंदच्या परिसरात राहून शिकलेल्या पिढीने दलित साहित्य उभे केले. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहाराच्या खोल्यांतून १९७२ च्या दलित पँथरच्या काळातली तरुण मंडळी वावरली. ती मुले काही श्रीमंत नव्हती, पोटभर जेवतही नव्हती. पण खोलीत आपण चोरून राहतो आहोत असे त्यांना वाटत नव्हते. ती जागा त्यांची होती.

मग आता सोलापुरात काय मागायचे? स्वाधारचा हप्ता महाविद्यालय सुरू होण्याआधी, ही पहिली मागणी, आणि त्यासाठी मोर्चा काढावा लागला तर काढू. वसतिगृहाची प्रवेश यादी महाविद्यालयाच्या प्रवेशाबरोबरच लागली पाहिजे. गणपतीच्या सुमारास यादी लावून काय उपयोग? मुलगा तोवर नातेवाइकांकडे राहून, त्यांचे तोंड चुकवून, निम्मा संपलेला असतो. प्रत्येक वसतिगृहाला स्वतंत्र गृहपाल, आणि तो तेथेच राहणारा.

पण शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होणार असू तर बाबासाहेबांनी १९२५ साली कोणाची वाट पाहिली होती? शासन परके होते, समाज उपाशी होता, नगरपालिकेचे ४० रुपये सोडले तर हातात फारसे काही नव्हते. आज सोलापुरात आपले प्राध्यापक आहेत, बँकेतले, रेल्वेतले, महावितरणातले, पोलिसातले अधिकारी-कर्मचारी आहेत. ‘पे बॅक टू सोसायटी’ वर तासभर बोलणारे तर पुष्कळच आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत एकेका मंडळाचा डॉल्बीवर होणारा खर्च धरला तर वीस मुलांची वर्षभराची खानावळ निघेल. मिरवणूक बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण मंडळाने एका खोलीचे भाडे घ्यावे, ती खोली मंडळाच्या नावावर असावी, म्हणजे मुलाला कोणी आडनाव विचारणार नाही. विहार दिवसभर कुलूप लावून ठेवण्याऐवजी संध्याकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यासिका म्हणून उघडा ठेवावा, वीजबिल वर्गणीतून भरावे. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे इंग्रजी आणि गणितासाठी बसावे; कन्नड जाणणारा एखादा असेल तर फारच चांगले.

आणि गुणगौरव समारंभात यंदा पुस्तक व गुलाबपुष्प देताना प्रत्येक विद्यार्थ्याचा पत्ता आणि फोन नंबर एका वहीत लिहून घ्या. ती वही दिवाळीच्या आठवड्यात उघडा आणि एकेकाला फोन करा. जो सोलापुरातून गावी परतलेला असेल, त्याच्या घरी दोघे जण जा.